विचारता न येणारा चौथा मुलगा

शाळेची थोरवी कशावरून ठरवावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजात फार पूर्वीच ठरून गेले आहे. दहावीचा निकाल किती टक्के लागला, पहिल्या दहांत किती आले, कार्यालयाबाहेरच्या फलकावर सोनेरी रंगात किती नावे चढली, एवढे विचारले की आपली जिज्ञासा भागते. आमचे मत याहून निराळे आहे. लहान समाजाने स्वतःच्या पैशातून आणि कष्टातून उभारलेल्या शाळेची परीक्षा तिच्या शेवटच्या बाकावरील मुलावरून घ्यावी. फलकावरची पहिली दहा मुले बहुधा कोणत्याही शाळेत पुढे आली असती. त्यांच्या यशात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे सांगणे कठीण. ज्याला अक्षर ओळखताना धाप लागते, ज्याच्या वहीत २५चे ५२ होतात, तोंडी उत्तर अचूक देणारा जो मुलगा कागदावर तेच उत्तर उतरवू शकत नाही, तो जर चार वर्षांत वाचू लागला, तर ते यश निःसंशय शाळेचे असते.

हा विषय मांडण्यासाठी आम्ही उदाहरण घेतो ते मुंबईतील माझगावच्या एका यहुदी शाळेचे. वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबांना त्या शाळेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे, आणि ते जवळचे आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले, आडनावाला गावाचे नाव लावणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल हे भाषेने आपलेच आप्त आहेत. त्यांतील काही कुटुंबे आपल्यासारखीच गुजरातेत आली. अहमदाबादेत १९३४ साली त्यांनी ‘मागेन अब्राहम’ हे प्रार्थनामंदिर उभारले. संख्येने थोडे, चहूबाजूंनी दुसऱ्या भाषेने वेढलेले आणि तरीही आपले स्वत्व जपण्यासाठी शाळेकडे आशेने पाहणारे, हे वर्णन त्यांचे आहे तसेच आपलेही आहे.

हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत ‘इस्राएलाइट स्कूल’ स्थापन केले. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्याला त्यांचे नाव मिळाले. रिबेका रूबेन यांनी १९२२ ते १९५० या काळात मुख्याध्यापिका म्हणून त्या शाळेला आकार दिला. २०२५ साली शाळेच्या स्थापनेला दीडशे वर्षे झाली. दरम्यान समाजाचा मोठा भाग इस्राएलला निघून गेला आणि आज त्या शाळेच्या बाकांवर बहुसंख्य मुले मुसलमान कुटुंबांतील आहेत. एका समाजाने आपल्या मुलांसाठी लावलेले झाड दुसऱ्यांच्या मुलांना सावली देत आहे, ही गोष्ट आम्हांला अभिमानाची वाटते.

त्या जुन्या शाळेतील एखाद्या मुलाची पाटी डोळ्यांसमोर आणून पाहा. मराठीची बाळबोध अक्षरे डावीकडून उजवीकडे जाणारी, डोक्यावर शिरोरेषा असलेली. इंग्रजीची अक्षरे सुटी, आणि त्यांचा उच्चाराशी संबंध बेभरवशाचा. हिब्रू मात्र उजवीकडून डावीकडे. धर्मग्रंथाच्या गुंडाळीवर तर स्वरचिन्हेही नसतात. व्यंजने पाहून स्वर वाचणाऱ्याने आपल्या स्मरणातून भरायचे. तीन लिप्या आणि दोन दिशा! तेरा वर्षे पूर्ण झाली की सभेपुढे उभे राहून धर्मग्रंथ वाचण्याची वेळ त्या मुलावर यायची. ज्याला जन्मतःच अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणे अवघड जाते, त्याची त्या क्षणी काय अवस्था होत असेल? त्या काळी या अडचणीला शास्त्रीय नाव नव्हते. ‘मठ्ठ’, ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ अशी नावे मात्र भरपूर होती आणि ती आजही चलनात आहेत.

आता आपल्या समा भागात या. समा-सावली रस्त्यावरून सकाळी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या जातात, त्यांत आपली नातवंडे बसलेली असतात. घरात आजीची मराठी, खाली खेळायला उतरले की गुजराती, वर्गात इंग्रजी. मराठी माध्यमाच्या वर्गांना लागलेली ओहोटी आपण डोळ्यांदेखत पाहिली, त्यामुळे देवनागरी त्यांच्या वाट्याला बहुधा हिंदीच्या तासापुरती येते. गुजराती अक्षरे देवनागरीच्या सख्ख्या बहिणी, पण त्यांच्या डोक्यावर पदर नाही. मराठीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. डोळ्याचा क्रम एक आणि कानाचा दुसरा. ‘र’ कधी अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायाशी तिरपी रेघ होतो. आकड्यांची गत याहून बिकट. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना दोन आधी. ‘एकोणतीस’ म्हणताना तीस ऐकू येते आणि लिहायचे २९. गुजरातीतही हाच प्रकार. इंग्रजीत मात्र तो वीसच्या पुढे सरळ होतो. बहुतेक मुले ही कसरत नकळत शिकून जातात. परंतु काही मुलांना ती दुस्तर होते, आणि ती मुले बुद्धीने कमी नसतात.

२०१९ साली ‘बालभारती’ने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन सुचवले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! मराठीची हानी झाली म्हणून अग्रलेख निघाले, विनोदांना ऊत आला. भाषेविषयीचा तो कळवळा खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांच्या घोळात कायमचे अडकून गणितालाच मुकणारे मूल त्या चर्चेत कितीजणांना दिसले? भाषेचे वैभव आपण कोणाच्या पाठीवर वाहून नेत आहोत, हे कधीतरी पाहायला हवे.

इथे यहुदी परंपरेतील दोन कथा सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते. वल्हांडणाच्या रात्री, ज्या सणाला बेने इस्राएल ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत आले, मिसरमधील दास्यातून सुटकेची कथा ‘हगादा’ या ग्रंथातून घरोघरी वाचली जाते. या ग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती १८४६ साली मुंबईत निघाली. १८७४ची पुण्याची आवृत्ती तर सणाची भाकर तयार करणाऱ्या नऊवारीतील स्त्रियांच्या चित्रांमुळे प्रसिद्ध आहे. त्या ग्रंथात चार मुलगे येतात: शहाणा, उद्धट, भोळा आणि ज्याला प्रश्नच विचारता येत नाही असा चौथा. पहिल्या तिघांना त्यांच्या प्रश्नाप्रमाणे उत्तर द्यायचे. चौथ्यासाठी मात्र बापाला आज्ञा अशी की, त्याच्या प्रश्नाची वाट पाहू नकोस, तूच आरंभ कर. त्या मुलाला घरातून बाहेर बसवावे किंवा तो प्रश्न विचारायला शिकेपर्यंत सण पुढे ढकलावा, असे तिथे कोठेही सुचवलेले नाही. तो त्याच पंगतीला बसलेला आहे, आणि पहिले पाऊल टाकण्याचे ओझे मोठ्यांवर आहे.

दुसरी कथा तालमूदमधील रब्बी प्रेदा यांची. त्यांच्या एका शिष्याला प्रत्येक पाठ चारशे वेळा शिकवावा लागे, तेव्हा कुठे तो त्याला येई. एके दिवशी गुरुजींना एका पुण्यकार्यासाठी बोलावणे आले. त्यांनी नित्याप्रमाणे चारशे वेळा शिकवले, पण शिष्याला काही येईना. गुरुजींनी त्याच्यावर राग काढला नाही. आज निराळे काय झाले, एवढेच विचारले. शिष्य म्हणाला की, तुम्हांला निरोप आला तेव्हापासून ‘गुरुजी आता उठतील’ याच विचारात माझे चित्त होते. मग गुरुजींनी त्याला पुन्हा चारशे वेळा शिकवले. कथा येथे संपत नाही. स्वर्गातून त्यांना मोठे बक्षीसही मिळते. पण आम्हांला त्या बक्षिसापेक्षा गुरुजींचा प्रश्न मोलाचा वाटतो. मूल शिकले नाही तर कारण शोधावे, आणि ते आधी शिकवण्याच्या परिस्थितीत शोधावे, हे सूत्र आजच्या विशेष शिक्षणाने दुसऱ्या शब्दांत सांगितले आहे.

विसाव्या शतकात रूवेन फॉयरस्टाइन या रुमानियात जन्मलेल्या यहुदी मानसशास्त्रज्ञाने ते इस्राएलमध्ये करून दाखवले. युरोपातील छळछावण्यांतून वाचलेली आणि उत्तर आफ्रिकेतून आलेली मुले त्यांच्यापुढे होती. प्रचलित बुद्धिमापन चाचण्यांनी त्यांतील अनेकांना मंदबुद्धी ठरवले होते. फॉयरस्टाइन यांचे म्हणणे असे की, चाचणी मुलाला आज काय येते ते सांगते. शिकवल्यावर तो कुठवर जाईल हे सांगत नाही. म्हणून त्यांनी आधी तपासणे, मग शिकवणे, मग पुन्हा तपासणे अशी पद्धत घडवली. २०१४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या सर्वच दाव्यांवर तज्ज्ञांचे एकमत नाही, परंतु एका आकड्यावरून मुलाचे भवितव्य ठरवू नये हा त्यांचा आग्रह आज सर्वमान्य आहे.

आपल्या हातीही अशी परंपरा होती. १९२०नंतरच्या दशकात भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्या खांद्याला खांदा लावून ताराबाई मोडक या मराठी बाईंनी काम केले. मराठी आणि गुजराती यांच्या संगमातून झालेल्या त्या प्रयोगाच्या मुळाशी मारिया माँटेसरी यांची पद्धत होती. आज माँटेसरी हे नाव श्रीमंती बालवाड्यांच्या पाट्यांवर मिरवते. पण माँटेसरी यांनी या कामाचा ओनामा रोममध्ये बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या मुलांबरोबर केला, आणि तिथे हाती लागलेल्या साधनांतूनच १९०७ साली ‘बालगृह’ उभे राहिले, हे त्या पाट्या सांगत नाहीत. शेवटच्या बाकासाठी शोधलेली वाट पहिल्या बाकालाही सुखाची झाली. या मुलांमुळे इतरांचे नुकसान होते, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा इतिहास एकदा तपासावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, वर्गात पन्नास-साठ मुले असताना शिक्षकाने एकासाठी थांबावे कसे? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकाला आणखी राबवणे हे नव्हे. विशेष शिक्षकाची नेमणूक हे त्याचे उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या निकालात प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले. २०२५ साली न्यायालयाला राज्यांना ही पदे मंजूर करण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला, यातच अंमलबजावणीची कथा येते. शासनसेवेत आयुष्य गेल्यामुळे आम्हांला एवढे ठाऊक आहे की, मंजूर नसलेले पद भरता येत नाही, आणि ज्या पदाची कोणी मागणीच करीत नाही ते मंजूर होत नाही.

दुसरा आक्षेप अल्पसंख्याक शाळांचा. यहुदींना महाराष्ट्राने २०१६ साली आणि गुजरातने २०१८ साली अल्पसंख्याक दर्जा दिला. भाषेच्या नात्याने गुजरातेत आपणही अल्पसंख्यच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. २०२५ साली दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांकडे सोपवला. या सुटीचा आधार घेऊन ‘अशी मुले घेणे आम्हांला बंधनकारक नाही’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी सांगू. एक, २०१६चा दिव्यांगजन हक्क अधिनियम हा वेगळा कायदा आहे आणि त्याचे १६वे कलम शासनाच्या अनुदानावरील किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांविषयी बोलते. मुलांतील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि तिच्यावर शैक्षणिक उपाय योजावे, हे त्यात लिहिलेले आहे. दुसरी गोष्ट कायद्यापलीकडची. अल्पसंख्य असल्यामुळे मिळालेले संरक्षण आपल्यातल्याच अधिक अल्पसंख्य मुलाला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरावे, याहून मोठी विसंगती कोणती? दुबळ्याला संरक्षण मिळावे हे तत्त्व आपल्यापाशी येऊन थांबत नाही.

तिसरा आक्षेप घरातूनच येतो: ‘आमच्या मुलाला असले काही नाही.’ १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. २०१६च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि तिला जागा मिळाली. कायद्याने दार उघडले, पण उंबरठ्यावर आपली प्रतिष्ठा आडवी येते. शाळकरी मुलांपैकी शंभरात पाच ते पंधरा मुलांना अशा अडचणी असतात, असे तज्ज्ञ मानतात. खालचा आकडा धरला तरी वीस मुलांच्या प्रत्येक गटात एक. आपल्या नातेवाइकांच्या कोणत्याही लग्नकार्यात जेवढी मुले मांडवात पळत असतात, त्यांत असे कोणीच नाही, हे कसे शक्य आहे? २००७ साली ‘तारे जमीन पर’ पाहताना आपण सारेच रडलो. चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर किती घरांनी आपल्या मुलाची वही नव्या नजरेने उघडली?

याच्या उलट टोकाचा दोष आहे तो सवलतीवर समाधान मानण्याचा. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचे पाऊल उचलले: अधिक वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित. ते पाऊल पुरोगामी होते. परंतु कालांतराने असे झाले की, मुलाला वाचायला शिकवण्याऐवजी त्याला प्रमाणपत्र मिळवून देणे हेच शाळेचे आणि पालकांचे कार्य होऊन बसले. दहावीच्या तोंडावर रुग्णालयात धावपळ करायची, कागद आणायचा आणि वीस-पंचवीस गुणांची बेगमी करायची. सवलत ही नदी ओलांडताना दिलेली होडी आहे. पोहायला शिकवण्याची जबाबदारी तिने संपत नाही. ज्याला दुसरीत मदत मिळायला हवी होती त्याला दहावीत लेखनिक देऊन आपण सुटलो, असे मानणे म्हणजे मुलाची फसवणूक आहे.

मदत लवकर मिळायची तर अडचण मुलाच्या भाषेत ओळखली पाहिजे. मराठी बोलणाऱ्या मुलाला केवळ इंग्रजी चाचणी दिली, तर त्याला इंग्रजी कमी येते की अक्षरच उमगत नाही, हे कसे कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ नावाची चाचणीसामग्री प्रसिद्ध केली. आरंभीच्या भाषांत हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही होती. म्हणजे साधन आहे. मूल ज्या भाषेत सर्वांत सहज बोलते तिच्यात त्याची तपासणी व्हावी, असा आग्रह शाळेपुढे धरणारे पालक मात्र हवे आहेत. आपल्या नातवंडांच्या बाबतीत तर एका भाषेत तपासून भागणार नाही. तिन्ही लिप्यांत मूल सारखेच अडखळत असेल तर ती एक गोष्ट. फक्त शाळेच्या भाषेत अडखळत असेल तर ती निराळी. पहिल्याला विशेष शिक्षक हवा, दुसऱ्याला घरात त्या भाषेची पुस्तके आणि थोडा धीर.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली प्रांतात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. त्या गोष्टीचा अभिमान आपण प्रत्येक समारंभात सांगतो. सक्तीचा खरा अर्थ असा की, एकही मूल वगळण्याचा अधिकार कोणाला राहिला नाही. त्या राजाच्या नगरीत ‘तुमचा मुलगा आमच्या शाळेला झेपणार नाही, दुसरीकडे पाहा’ हे वाक्य पालकांना ऐकावे लागावे आणि आपण ते मुकाट्याने ऐकून घ्यावे, हे शोभत नाही. आम्ही स्वतः एका आप्ताच्या मुलासाठी हे वाक्य ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या स्वरात कठोरपणा नव्हता, आणि त्याचेच आम्हांला अधिक वाईट वाटले. आपण काही अन्यायाचे बोलतो आहोत याची त्यांना जाणीवच नव्हती.

म्हणून आमच्या मागण्या शासनाकडे आहेत त्याहून अधिक आपल्या मंडळींकडे आहेत. कोणत्याही शाळेने मूल नाकारले, तर नकार लेखी मागावा आणि आपली मागणी १६व्या कलमाचा उल्लेख करून लेखीच द्यावी. तोंडी बोलण्याला कार्यालयात वजन नसते. आपल्या सभागृहांत आठवड्यातून एक संध्याकाळ निवृत्त शिक्षकांनी अशा मुलांबरोबर वाचत बसावे. त्यांना त्याचे प्रशिक्षण जाणत्यांकडून मिळावे, कारण सदिच्छा ही पद्धतीची जागा घेऊ शकत नाही. आणि दर वर्षी होणाऱ्या गुणवंतांच्या सत्कारात नारळ-शालीचा पहिला मान त्या मुलाला व त्याच्या शिक्षकाला मिळावा, ज्याने त्या वर्षी आयुष्यातले पहिले पुस्तक स्वतः वाचून संपवले. नव्वद टक्केवाल्यांचे कौतुक त्यानंतरही करता येईल. त्यांना थांबण्याची सवय नसली तरी ती लागणे हितकारकच आहे.

माझगावच्या शाळेला जन्म देणारा समाज बव्हंशी दूर गेला, शाळा राहिली. आपल्याही पुढच्या पिढ्या कुठे असतील, कोणती भाषा बोलतील, हे सांगवत नाही. मागे उरतील त्या आपण घालून दिलेल्या रीती. चौथ्या मुलाने प्रश्न विचारलेला नाही, आणि तो विचारणारही नाही. आरंभ मोठ्यांनी करायचा आहे.